पायऱ्यांवरचं निळं पाणी

९ फेब्रुवारी

प्रिय शहाणे,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोन केला की हे पलीकडून ओरडून अर्धं बोलणं स्वतःच उरकतात आणि उरलेलं अर्धं मी विसरते. शिवाय जे लिहायचंय ते ह्यांच्या कानावर न पडलेलंच बरं.

पाणीखात्याची नोटीस आली आहे. आपल्या मागच्या नळीतून ओढ्यात जाणारं पाणी निळं असता कामा नये. जूनच्या अखेरीला त्यांचा माणूस येऊन बाटली भरून नेणार आणि पाणी निळं निघालं तर आपल्या सूत रंगवायच्या रंगशाळेला कुलूप. ह्यांनी ती नोटीस वाचली, तिची घडी घातली आणि खुर्चीच्या डगमगत्या पायाखाली सरकवली. म्हणाले, अशा कागदांवरच तर माझी खुर्ची उभी आहे. मी हसले. पण पलीकडच्या रस्त्यावरच्या रंगशाळेला अशीच नोटीस आली होती. आता तिथल्या कढया भंगारात निघाल्या आहेत.

तू घर सोडलंस ते ह्याच पाण्यावरून भांडून. हे पाणी निळं आहे तोवर ओढ्याचं तोंड बघणार नाही म्हणालीस, आणि हे म्हणाले, मग सुताला काय लावू, तुझी पुस्तकं? तेव्हापासून तुम्ही भाऊ-बहीण फोनवर तब्येतीचं विचारता, भाव विचारता, आणि पाण्याचं नाव काढत नाही. मी मधल्या मध्ये दोघांची टपालपेटी झाले आहे.

तर आता मीच नाव काढते. उन्हात ठेवलं की पाण्यातला रंग तोडणाऱ्या त्या तुझ्या फरशा, ज्यांचा तू फोटो पाठवला होतास, त्या आपल्याकडे चालतील का? ह्यांना कसं पटवायचं ते माझ्यावर सोड.

हे बरे आहेत. जेवण थोडं कमी झालंय, तेवढंच.

तुझी,
वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उघडलं. माझा चेहरा उतरलेला पाहून आमच्या मॅडमनी कारण विचारलं, म्हणून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं आपण काचेच्या भांड्यात रंग तोडतोय, एकदा खऱ्या रंगशाळेत तोडून दाखव. तेव्हा फरशा पाठवते आहे. उपकार वगैरे मानू नकोस. हे चाललं तर माझ्याही कामाचं सोनं होईल.

दादाने हे विचारायला सांगितलेलं नाही, हे न सांगताच कळलं.

फरशांवर जी पांढरी भुकटी भाजून बसवली आहे ती टायटॅनियमची. नावाला घाबरू नकोस, घराच्या भिंतींना पांढरा रंग देतात त्यात हीच असते. भुकटी म्हणजे मुकादम समज. स्वतः काडी हलवत नाही, पण सगळ्यांना कामाला लावते. तिच्यावर ऊन पडलं की ती उन्हाचा जोर घेते आणि पाण्यातल्या हवेला देते, आणि मग ती चेतवलेली हवा रंगाचा एकेक सांधा तोडत जाते. शेवटी रंग उरत नाही आणि त्याचे तुकडेही उरत नाहीत. भुकटी मात्र आहे तशीच राहते.

दिवसभर ऊन राहील अशा जागी एक उथळ टाकी बांधून घे. तळाला फरशा बसव आणि वरून काचा लाव. काचा घट्ट बसू देत, कारण धूळ आणि पाला पडला की फरशा मळतात. सोबत हवेचा पंप येईल. मासे पाळायच्या पेटीत असतो तसाच, फक्त मोठा. त्याची नळी तळाशी सोड म्हणजे बुडबुडे येत राहतील. आणि सुताची खळ जमेल तितकी आधीच दुसऱ्या पाण्यात उतरवून घे. खळ पाण्यात गेली की पाण्यातली हवा ती खळच खाऊन टाकते, रंगासाठी उरत नाही.

दादाला सांग, फरशा फुकट आहेत. फुकट म्हटलं की तो निदान हात लावून बघतो.

तुझी,
शहाणी


१८ मार्च

प्रिय शहाणे,

झाली टाकी. मागच्या खोलीच्या खिडकीखाली बांधली, दिवसभर ऊन तिथेच असतं. ह्यांनी आधी गवंड्याला घालवून दिलं, मग परत बोलावलं, मग त्याच्या डोक्यावर उभं राहून उतार नीट करून घेतला. तुझ्या फरशा बसवताना कुणालाच हात लावू दिला नाही. स्वतः बसवल्या.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काहीच होईना. पाणी आपलं निळंच निळं. हे म्हणाले, शहाणीच्या फरशा न्हाणीघरात लावू, पाय घसरणार नाही. मग कामगारांची सुट्टी व्हायच्या सुमाराला मी सहज डोकावले तर तळ दिसत होता, शहाणे. आधी धुकट, मग स्वच्छ. फरशांचे सांधे मोजता येतील इतका स्वच्छ.

हे उठून गेले. मला वाटलं, हरले म्हणून चिडले. मागे जाऊन बघते तर ओढ्याच्या काठी उभे, नळीतून पडणारं पाणी बघत. बराच वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "बाबांनी हे बघायला हवं होतं."

तू फोनवर सांगितल्याप्रमाणे ओढ्याच्या पायऱ्यांखालच्या पाण्याची बाटली भरून पाठवली आहे. खाली धुणेवाल्या मावशी बसतात ना, दवाखान्याच्या चादरी धुतात, त्यांच्या शेजारी बसून भरली.

पंप मात्र बाई फार बोलतो. सारखी गुरगुर. हे हल्ली मागच्याच खोलीत झोपतात. जिना चढायचा कंटाळा येतो म्हणतात, आणि खाली गारही असतं.

तुझी,
वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

बाटली तपासली. रंग खरोखर तुटला आहे, त्याचे तुकडेही जवळजवळ संपलेत. मॅडमनी दोनदा तपासायला लावलं आणि दोन्ही वेळा तेच आलं. मी टेबलावर डोकं ठेवून चक्क रडले. इथल्या मुलांना वाटलं माझं काही बिघडलं.

ओढ्याच्या काठी उभा असलेला दादा सारखा डोळ्यांसमोर येतो. त्याला फोनवर बोलव ना. तीनदा केला, तीनही वेळा तू म्हणालीस तो सूत पोचवायला गेलाय. इतकं सूत पोचवतो कुणाला? हे पाणी बघून त्याला काय वाटलं, ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझी,
शहाणी


६ मे

प्रिय शहाणे,

उत्तराला उशीर झाला. कामं खूप आहेत. ह्यांना फोनचं सांगितलं, करतील म्हणाले. तुला माहीत आहेत ते कसे आहेत.

एक विचारायचं होतं. तो पंप सारखा चालूच ठेवायला हवा का? रंग तोडतं ते ऊन, असं तूच लिहिलंस. हवा काय, सगळीकडे असतेच. त्या आवाजाने झोपेचं खोबरं होतं, म्हणून विचारते. थोडा वेळ बंद ठेवला तर चालेल का, एवढंच कळव. बाकी सगळं ठीक.

तुझी,
वहिनी


१५ मे

प्रिय वहिनी,

हो, ठेव की बंद. ऊन नसलं की भुकटी तशीही झोपलेलीच असते. उगाच वीज जाळू नकोस आणि तुमचीही झोप मोडू नकोस. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र लिहून वाट बघत बसलीस, कमाल आहे तुझी.

गडबडीत आहे. मॅडमनी आपल्या टाकीचा अहवाल वर पाठवलाय. आणखी काही रंगशाळांना तशाच टाक्या द्यायचं चाललं आहे. नकाशे मीच काढते आहे, तुझ्या गवंड्याच्या उतारासकट.

दादाचा फोन अजून आला नाही.

तुझी,
शहाणी


२६ जून

प्रिय शहाणे,

जीव भांड्यात पडला. काल खात्याचा माणूस आला. टाकीच्या तोंडाशी बाटली धरली, काठोकाठ भरली, बूच लावलं, वर लाख लावली आणि घेऊन गेला. आज कागद आला. पाणी स्वच्छ, रंगशाळा चालू ठेवायला हरकत नाही.

ह्यांना वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाले. मग कागद स्वतःच्या हातात घेतला आणि उशीखाली ठेवला. खुर्चीच्या पायाखाली नाही. मी म्हटलं, अहो, हा काय झोपायचा कागद आहे? तर म्हणाले, हाच तर आहे.

नकाशे काढून डोळे खराब करू नकोस.

तुझी,
वहिनी


५ जुलै

प्रिय वहिनी,

कागदाचं वाचून इथे सगळ्यांना चहा पाजला. नव्या टाक्यांचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. सगळीकडे आपल्या टाकीचं उदाहरण देतात.

पण एक विचारते, खरं सांग. कागद दिवसाढवळ्या आला आणि दादाने तो उशीखाली ठेवला. तू वाचून दाखवलास. त्याचे डोळे तर तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत, निळ्याच्या दोन छटांतला फरक तो अंधारात सांगेल. फोनवर येत नाही. फरशा मी दिल्या म्हणून अजून तोंड फिरवून बसलाय का? मी जिंकले असं त्याला वाटतंय का? तसं असेल तर सांग, मी स्वतः येऊन त्याच्याशी भांडते. हे असं मुकाट राहणं मला सोसत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी.

तुझी,
शहाणी


१९ जुलै

प्रिय शहाणे,

हे पत्र ह्यांनी सांगितलंय म्हणून लिहिते आहे. बसून वाच.

परवा धुणेवाल्या मावशी आल्या. हातात दवाखान्याची चादर, आणि तिच्यावर निळे डाग. मला वाटलं चुकून आपल्याकडचं सूत लागलं असेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "पूर्वी तुमचं पाणी निळं येताना मला लांबून दिसायचं. मी हात थांबवायचे, ते निघून जायचं, मग चादर टाकायचे. आता स्वच्छ येतं, मी चादर टाकते, आणि ती माझ्या हातात निळी होते." दवाखान्याने त्यांच्याकडचं धुणं काढून घेतलं आहे. त्या भांडायला आल्या नव्हत्या, विचारायला आल्या होत्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. नळीतून पाणी पडत होतं ते अगदी नितळ. वरच्या पायरीवरून ते खालच्या पायरीवर आदळलं, फेस झाला, तिथून आणखी खाली पडलं. आणि शेवटच्या पायरीखाली जे साचलं होतं ते निळं होतं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. घरी येऊन टाकीतलं स्वच्छ पाणी बाटलीत अर्धं भरलं, बूच लावलं आणि हलवलं. माझ्या हातात निळं झालं, शहाणे. तुटलेला रंग परत कसा येतो?

पंप बंद होता. मे महिन्यापासून बंद आहे. रात्री नाही, दिवसाही. तू ठेव म्हणालीस आणि मी ठेवला, कारण पाणी तरीही स्वच्छच दिसत होतं. पण मी तुला का विचारलं होतं ते लिहिलं नव्हतं.

तुझे दादा आजारी आहेत. जानेवारीपासून. लघवीतून रक्त जात होतं. डॉक्टरांनी लघवीच्या पिशवीत गाठ सांगितली, ती पसरली आहे. रंगाच्या कामात जन्म गेलेल्यांना हे होतं म्हणे, जुन्या लाल-पिवळ्या रंगांमुळे. आता करण्यासारखं काही नाही, फक्त दुखू नये म्हणून औषध. जिन्याचा कंटाळा नव्हता, त्यांना चढताच येत नव्हतं. सूत पोचवायला मी जात होते. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं. म्हणाले, ती सगळं सोडून येईल आणि पाण्याचं काम अर्धवट राहील.

औषधानेही डोळ्याला डोळा लागायचा नाही. लागला तर दुपारी, घटकाभर. आणि खिडकीखाली तो पंप. एक दिवस वीज गेली, पंप थांबला आणि हे लहान मुलासारखे झोपले. मी बसून त्यांचा चेहरा बघितला आणि ठरवलं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, मला माहीत नाही.

मावशी खिडकीखाली उभ्या राहून बोलत होत्या, त्यामुळे ह्यांनी सगळं ऐकलं. मला आत बोलावलं. पंप कधी बंद केलास, विचारलं. मी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, "माझ्या झोपेपायी त्या बाईचं काम गेलं. चालू कर तो." मी म्हटलं, तुम्हाला सोसणार नाही. म्हणाले, "चालू कर. आणि शहाणीला लिही. कागद खोटा आहे म्हणून लिही. माझंही लिही आता."

उशीखालचा कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. तो मी ह्या पत्रात घातला आहे.

पंप चालू आहे. हे जागे आहेत.

वहिनी


२५ जुलै

वहिनी,

मी तुझ्यावर रागवायला बसले होते. चांगले दोन कागद लिहून फाडले. मग माझंच मे महिन्यातलं पत्र आठवलं. तू रात्रीचं विचारलंच नव्हतंस, ते माझं मीच धरून चालले. कुणाची झोप मोडते, एवढं एका ओळीत विचारलं असतं तर बास होतं. मी नकाशे काढत बसले.

रंग परत आला कारण तो तुटलाच नव्हता. हवा मिळाली नाही की भुकटी उन्हाचा जोर हवेऐवजी रंगालाच देते. त्याने तो निळा फक्त फिका पडतो, दिसेनासा होतो, पण असतो अख्खाच. पायऱ्यांवर आपटून पाण्यात हवा मिसळली की पुन्हा होता तसा. काचा घट्ट बसवायला मीच सांगितलं होतं, त्यामुळे वरूनही हवा शिरली नाही. आणि खात्याच्या माणसाने बाटली काठोकाठ भरली, तिच्यात हवेला जागाच नव्हती. कुणीच खोटं बोललं नाही आणि कागद खोटा निघाला.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आजच कळवायला हवं. पाणीखात्याला माझ्या सहीचं पत्र गेलं, सोबत तो कागद. नव्या टाक्यांची कामं थांबवली. आपल्या रंगशाळेला आता कुलूप लागेल, वहिनी. ते माझ्या पत्रामुळे लागेल. दवाखान्यालाही लिहिलं आहे की डाग मावशींच्या हातचे नाहीत, आमच्या टाकीचे आहेत.

मी निघते आहे. दादाला सांग की मी त्याच्यावर... नाही, राहू दे. ते मीच येऊन सांगते.

शहाणी


१२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

पोचले. खोलीचं दार उघडलं तर सगळं होतं तसंच होतं, खिडकीतली बरणीसुद्धा. दादा गेला आणि इथे कशालाच ते माहीत नाही, ह्याचा उगाच राग आला.

टाकीचं आधी लिहिते. रंगशाळा बंद असली तरी खात्याने तपासणीपुरती रोज एक खेप रंगवायची परवानगी दिली आहे, तेवढीच रंगव. मोठा पंप पाठवला आहे. काचा एका बाजूने बोटभर उचलून ठेव, पाला पडला तर पडू दे. खळ पूर्ण उतरल्याशिवाय सुताची लड रंगात घालू नकोस. फरशांवर खळीचा बुळबुळीत थर बसला होता, तो मी घासला आहे. दर आठवड्याला साध्या पाण्याने घासत जा. खात्याचा माणूस आता बाटली अर्धी भरून, हलवून बघणार आहे. हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय.

आता दुसरं. हे मी तुझ्याशी तिथे असताना बोलू शकले नाही.

मी आल्यापासून रोज पायऱ्यांखालचं पाणी बाटलीत घेऊन दादापाशी यायचे आणि त्याच्यासमोर हलवायचे, हे तू बघितलंस. त्याला तेवढंच हवं असायचं. इतक्या वर्षांत एकमेकांशी जे बोललो नाही ते आम्ही त्या बाटलीकडे बघत बोललो. निळा रोज थोडा कमी व्हायचा. तू औषध आणायला गेली होतीस त्या शेवटच्या सकाळी त्याला फारसं बोलवत नव्हतं, डोळ्यांनीच त्याने बाटलीकडे खूण केली. मी हलवली. अगदी थोडी झाक आली, वहिनी. पडदा ओढला असता तर त्याला दिसलीही नसती. "झालं, दादा, गेला रंग" म्हणायला मला किती लागलं असतं? त्याला तेवढंच घेऊन जाता आलं असतं.

मी म्हणाले, "अजून आहे, दादा."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं त्याला फार लागलं. मग हळू म्हणाला, "असू दे. खरं सांगितलंस." आणि खिडकीकडे बोट केलं, पंपाकडे, चालू राहू दे म्हणून. त्यानंतर तो काही बोलला नाही.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. मरणाऱ्या माणसाला एवढं सुख द्यायला माझं काय गेलं असतं? मी चुकले का? तू त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतीस. तू सांग.

तुझी,
शहाणी


३० ऑक्टोबर

प्रिय शहाणे,

तुझ्या पत्राचं उत्तर लगेच दिलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं पण ते लिहायला धीर होत नव्हता.

तू चुकली नाहीस. ह्यांना सुख वाटावं म्हणून मी पंप बंद केला, आणि त्यांच्या उशीखाली खोटा कागद गेला. तो त्यांनी काढून माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला आहे. पुन्हा एकदा तसंच काही त्यांच्या हातात देऊन पाठवलं असतं तर मला सहन झालं नसतं. तुला रडू आलं की हे आठव. मी जे प्रेमाने केलं ते तूही करायला हवं होतंस असं मला कधीच म्हणायचं नाही.

आणि एक सांगते. पंप पुन्हा सुरू केल्यावर पहिले आठ-दहा दिवस ह्यांना खूप त्रास झाला. मग एका दुपारी बघते तर झोपले होते, पंप गुरगुरत असताना. जागे झाल्यावर म्हणाले, चालू आहे ना तो, म्हणून झोप लागली. तू तेव्हा वाटेत होतीस.

आता आजचं. सकाळी पायऱ्यांशी गेले. धुणेवाल्या मावशी बसल्या होत्या. दवाखान्याने त्यांना परत बोलावलं आहे, पण आपल्या पाण्याकडे त्या अजून संशयानेच बघतात, आणि बरोबरच आहे. शेवटच्या पायरीखालचं पाणी अर्धी बाटली घेतलं, बूच लावलं आणि हलवलं. उन्हात धरलं. पुन्हा हलवलं. हात भरून आला. मावशी म्हणाल्या, आणा इकडे, आणि त्यांनी घेतली. पिळायची सवय असलेले हात त्यांचे, बाटली फुटते की काय असं वाटलं मला. मग त्यांनी ती पांढऱ्या चादरीवर ठेवली आणि आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. निळं झालं नाही. बराच वेळ थांबलो, तरी झालं नाही. मावशींनी चादर पाण्यात सोडली.

घरी येऊन बाटली मागच्या खोलीत नेली. खाटेपाशी उभी राहून ह्यांना दाखवली. खाट रिकामी आहे हे मला कळतं, मला वेड लागलेलं नाही. पण एवढं एक सांगायचं राहिलं होतं. आता ती बाटली खिडकीत ठेवली आहे. तू आलीस की तूही हलवून बघ, तुझा माझ्यावर विश्वास बसणार नाहीच.

खात्याचा माणूस सोमवारी येणार आहे. येऊ दे.

रात्री पंप बंद ठेवला तरी चालतो, हे आता मला नीट समजलं आहे. तरी ठेवत नाही. काल दुपारी मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात वीज गेली. पंप थांबला, सगळीकडे शांत झालं, आणि मी दचकून उठून बसले. वीज येऊन पंपाची गुरगुर पुन्हा सुरू होईपर्यंत मला काही झोप लागली नाही.

तुझी,
वहिनी